सड्यावरच्या कलमांपर्यंत: दादाच्या व्हीलचेअरच्या प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

आज दादाबरोबर बसून या कामाचे उद्दिष्ट ठरवले. मार्चअखेर हापूसची काढणी सुरू होईल, तेव्हा दादाने स्वतःच्या खुर्चीत बसून, कुणी त्याला उचलून न नेता, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराच्या, कडेच्या कलमांपर्यंत पोहोचायचे. २०२१ च्या मे महिन्यात तो कलमावरून पडला आणि पाठीच्या मणक्याला इजा होऊन कमरेखालची हालचाल व संवेदना गेली. तेव्हापासून बागेत जायचे म्हणजे दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून न्यायचे, असे चालले आहे. त्याच्या खांद्यांत आणि दंडांत भरपूर ताकद आहे. अडचण वाटेची आहे आणि खुर्चीची आहे.

म्हणून आधी वाट मोजली. खळ्यापासून, म्हणजे घरापुढच्या अंगणापासून, शेवटच्या कलमापर्यंत ३४० मीटर भरले. खळे सारवलेले, सपाट. पुढे दगडी गडग्यातले बेडे, म्हणजे फाटक, त्याची रुंदी ७८ सेंटीमीटर. मग पाखाडीच्या पाच पायऱ्या, प्रत्येकी सुमारे १५ सेंटीमीटर उंच. त्यानंतर लाल मातीची वाट, तिच्यात मुळे आणि सुटे दगड. मध्ये ७ मीटरचा एक चढ, मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजला तर १० अंश. वर सड्यावर उघडा जांभा, खाचखळग्यांचा पण कडक. आडवा उतार फक्त एका ठिकाणी आहे, साधारण २० मीटर, ५ अंशांचा. दादा म्हणाला, "चढाला कुणी हात लावला तरी चालेल मला, पण वर पोचल्यावर एका कलमाकडून दुसऱ्याकडे मी एकटा फिरलो पाहिजे." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाची कसोटी तीच राहणार आहे.

२७ ऑक्टोबर २०२४

आज दादाची मापे घेतली आणि खुर्चीच्या पर्यायांचा विचार पूर्ण केला.

सध्याची खुर्ची तीन वर्षांपूर्वी एका शिबिरातून मिळालेली आहे. तेथे कुणीही मापे घेतली नव्हती. बैठकीची रुंदी ४६ सेंटीमीटर आहे आणि दादाची कंबर बसलेल्या स्थितीत ३७ सेंटीमीटर भरते. दोन्ही बाजूंना चार-साडेचार सेंटीमीटर मोकळे राहिल्याने तो कायम एका अंगावर कलून बसतो आणि हातांना चाकाची कडी गाठण्यासाठी कोपरे बाहेर काढावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात बैठकीची रुंदी कंबरेइतकीच धरतात आणि खोली कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या वळापर्यंतच्या अंतरापेक्षा ३ ते ६ सेंटीमीटर कमी ठेवतात. त्या हिशेबाने दादाला १६ इंची, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटर रुंदीची खुर्ची हवी, आणि उरलेली जागा बाजूच्या फोमच्या पट्ट्यांनी भरून काढता येईल. खडबडीत वाटेवर धक्के बसणारच आहेत, त्यामुळे शरीर खुर्चीत घट्ट बसलेले असणे ही पहिली गरज आहे. चाकांचा विचार त्यानंतरचा.

पर्यायांपैकी पहिला दांड्यांनी चालवायच्या खुर्चीचा. अमेरिकेतील एमआयटीमध्ये एमॉस विंटर यांच्या गटाने अशी खुर्ची तयार केली, तिच्या चाचण्या पूर्व आफ्रिका, ग्वाटेमाला आणि भारत येथे झाल्या, आणि भारतातील कामात जयपूर फूटसाठी प्रसिद्ध असलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती सहभागी होती. तिची युक्ती मला फार मोलाची वाटते. दांडा वरच्या टोकाला धरून ढकलला की जोर जास्त मिळतो, खाली धरला की वेग मिळतो, म्हणजे गिअर बदलण्याचे काम हातच करतो. बाकी साखळी आणि दातेरी चक्रे सायकलचीच. तरीही ती आम्ही निवडली नाही, कारण दादाला कलमाच्या बुंध्याशी अगदी जवळ जाऊन वळायचे असते आणि दांड्यांची ढकल मोकळ्या, लांब वाटेवर अधिक उपयोगाची.

दुसरा पर्याय खुर्चीच्या पुढे जोडायच्या मोटारीचा. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली नियोबोल्ट ही जोडणी ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते आणि रस्त्यावर नोकरी-बाजारासाठी तिचा मोठा उपयोग आहे. आमच्या चढावर मात्र पुढून ओढणाऱ्या कोणत्याही चाकाची एक मूळ अडचण येते: चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि सुट्या मातीत ते जागच्या जागी फिरते. तिसरा पर्याय हाताने चालवायच्या तिचाकी सायकलचा, पण ती बेड्यातून आत येणे कठीण आणि बागेत वळणे त्याहून कठीण.

उरला चौथा पर्याय, म्हणजे मापाची साधी घडीची खुर्ची घेऊन ती स्वतः बदलणे. माझा व्यवसाय जाळ्या आणि फाटके बनवण्याचा असल्यामुळे पाइप, लेथ आणि वेल्डिंग हाताशी आहे. वहिनींनी एकच अट घातली की खुर्ची रात्री ओटीवर नेहमीसारखी वापरता आली पाहिजे आणि पलंगावरून तिच्यात सरकण्याची उंची बदलता कामा नये. अट रास्त आहे.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला ताई आली होती आणि तालुक्याहून घेतलेली जुनी १६ इंची खुर्चीही कालच घरी आली, त्यामुळे ओवाळणी झाल्यावर धरायला माणसे मिळाली आणि वजनाचे काम उरकून घेतले.

पद्धत सोपी आहे. पुढची दोन्ही छोटी चाके माणसे तोलायच्या दोन काट्यांवर ठेवली, मागची चाके तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर घेतली आणि दादाला नेहमीसारखे बसायला सांगितले. दादाचे वजन ६२ किलो, खुर्ची गादीसकट १८ किलो, एकूण ८०. त्यापैकी पुढच्या चाकांवर २८ किलो आले. मागच्या आसापासून पुढची चाके जिथे टेकतात तिथपर्यंत ४० सेंटीमीटर आहेत, म्हणजे एकूण भाराचा मध्य मागच्या आसाच्या १४ सेंटीमीटर पुढे आहे.

या २८ किलोंमध्येच सगळी अडचण साठलेली आहे, हे आज आकड्यांनी कळले. पुढचे चाक ८ इंची, म्हणजे त्रिज्या १० सेंटीमीटर. त्याच्यापुढे ४ सेंटीमीटरचा दगड आला तर तो ओलांडायला आसावर आडवा किती रेटा लागेल, याचे भूमितीने उत्तर निघते: चाकावरच्या भाराच्या १.३३ पट. म्हणजे २८ किलोंसाठी सुमारे ३७ किलोंचा रेटा. बसलेल्या माणसाने दोन्ही हातांनी एका झटक्यात एवढा रेटा द्यायचा, तोही प्रत्येक दगडाला, हे शक्य नाही. आजवर आम्ही मागच्या चाकांकडे पाहत होतो, कारण ती मोठी आणि डोळ्यांत भरणारी असतात. वाट अडते ती पुढच्या लहान चाकापाशी.

सर्वांत सोपा उपाय असा दिसतो की मागचा आस पुढे सरकवावा, म्हणजे भार मागच्या चाकांवर येईल आणि पुढचे चाक हलके होईल. आस ५ सेंटीमीटर पुढे नेला तर पुढे साधारण २१ किलो उरतात. पण भाराचा मध्य जमिनीपासून सुमारे ५८ सेंटीमीटर उंचीवर आणि आसाच्या फक्त ९ सेंटीमीटर पुढे आला की खुर्ची ९ अंशांच्या चढावर मागे उलटते, आणि आमचा चढ १० अंशांचा आहे. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर जो बदल उत्तम ठरतो, तोच इथे जिवावर बेतेल. म्हणून आस आहे तिथेच राहील. पुढचे चाकच पुढे न्यायचे आणि मोठे करायचे.

१० नोव्हेंबर २०२४

पुढच्या चाकाची रचना कागदावर काढली. ही कल्पना माझी नाही. राल्फ हॉचकिस, जे स्वतः व्हीलचेअर वापरतात, त्यांच्या रफरायडर खुर्चीत पुढची चाके मुद्दाम बरीच पुढे, रुंद आणि लवचीक ठेवलेली आहेत. आणि पाय ठेवायच्या पट्टीला एकच मोठे चाक अडकवून खुर्चीची मूळ छोटी चाके हवेत उचलून धरणारी फ्रीव्हील नावाची जोडणी परदेशात अनेक वर्षे वापरात आहे. आम्ही या दोहोंतल्या दुसऱ्या, सुट्या जोडणीच्या मार्गाने जायचे ठरवले, कारण जोडणी काढली की ओटीवर पुन्हा तीच साधी खुर्ची उरते आणि वहिनींची अट पाळली जाते.

लहान मुलांच्या सायकलचे साडेबारा इंची हवेचे चाक घ्यायचे. ते मागच्या आसापासून ८५ सेंटीमीटरवर टेकेल.

२४ नोव्हेंबर २०२४

मागच्या चाकांना रुंद, खाचांचे टायर बसवण्यात दोन आठवडे गेले. कारण नीट लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

व्हीलचेअरचे चाक २४ इंची म्हणतात आणि खडबडीत वाटेच्या सायकलचे लहान चाकही २४ इंचीच म्हणतात, म्हणून मी सरळ २४ × १.९५ मापाचे दोन टायर घेऊन आलो. ते रिमवर चढेनात. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत दुसरे माप कोरलेले असते, ते तेव्हा वाचले. खुर्चीच्या २४ × १ ३/८ टायरवर ३७-५४० लिहिलेले होते आणि नव्या टायरवर ५०-५०७. दुसरी संख्या ही रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा मिलिमीटरमधला व्यास असते. म्हणजे नवा टायर ३३ मिलिमीटरने लहान रिमसाठी होता. इंचांचे नाव एक असले तरी दोन्ही चाके वेगळ्या घराण्यांची आहेत.

त्यावर उपाय असा केला: ५०७ मापाच्या, ३६ भोकांच्या दोन सायकल रिम आणल्या, पण हब खुर्चीचेच ठेवले. सायकलचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो, तर खुर्चीच्या चाकाचा आस एकाच बाजूने पेललेला असतो, त्यामुळे सायकलचा बारीक आस इथे काही दिवसांत वाकतो. खुर्चीचा १२ मिलिमीटरचा आस आणि बेअरिंग तसेच राहू दिले. रिमची त्रिज्या कमी झाल्याने स्पोक सुमारे १६ मिलिमीटरने आखूड लागले. बाजारपेठेतल्या सायकल दुकानातील काकांनी ७२ स्पोक निवडून काढले, दोन्ही चाके गुंफून त्यांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला आणि मजुरी घ्यायला नकार दिला. मी ती त्यांच्या गल्ल्यात ठेवून आलो.

रुंद टायर बसवल्यावर चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहिला: जुना ६१४ मिलिमीटर, नवा ६०७. बैठकीची उंची फक्त साडेतीन मिलिमीटरने उतरली आणि पलंगावरून सरकण्यात काही फरक पडला नाही. एवढ्याशा फरकाने ब्रेक मात्र निकामी झाला. या खुर्च्यांचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी एक दांडी असते, आणि टायर आत गेला की ती नुसती टेकते, धरत नाही. ब्रेकचे दोन्ही क्लॅम्प टायरकडे सरकवून पुन्हा आवळले. हवा कमी झाली तरी हेच होते, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहायची असा नियम केला. टायर बाजूच्या चौकटीला घासू नये यासाठी हबच्या मागे ६ मिलिमीटरचे वॉशर घातले. एकूण रुंदी आता साडेचौसष्ट सेंटीमीटर आहे, बेड्यातून हातांसकट जाता येते.

आणखी एक काम वहिनींच्या सूचनेवरून झाले. बागेत करवंदीचे काटे सर्वत्र पडलेले असतात, म्हणून जुन्या टायरची कडेची तार कापून काढली आणि उरलेली पट्टी नव्या टायर-ट्यूबच्या मध्ये आतून घातली. आमच्या आजोबांच्या सायकलला हेच केलेले असे.

८ डिसेंबर २०२४

पुढची जोडणी तयार झाली. सवा इंची पाइपचा लांब दांडा, त्याच्या टोकाला सायकलच्या हँडलची नळी तिच्या वाट्या आणि छर्ऱ्यांसकट, आणि तिच्यात फिरणारा चिमटा. चिमटा मागे कललेला ठेवला, चाक उभ्या आसाच्या ९ सेंटीमीटर मागे टेकते, त्यामुळे खुर्ची वळेल तिकडे ते आपोआप मागोमाग वळते. उभा आस खरोखर ओळंब्यात असणे फार महत्त्वाचे आहे. तो कललेला राहिला तर चाक वळताना खुर्चीचे तोंड वर-खाली होते आणि सरळ चालताना ती एका बाजूला ओढत राहते. दादाला बसवून, छोटी चाके ३ सेंटीमीटर उचलली गेल्यावरच पाणसळीने आस जुळवला, रिकाम्या खुर्चीवर जुळवला नाही.

दांड्याचे मागचे टोक दोन्ही बाजूंच्या पुढच्या पाइपांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर बसते. या पट्टीचे दोन कान मी चौकटीच्या पाइपांना वेल्ड केले.

पुन्हा वजन केले. ४ किलोंची जोडणी धरून एकूण ८४ किलो, त्यापैकी पुढच्या चाकावर साडेपंधरा. चाकाची त्रिज्या साडेपंधरा सेंटीमीटर. तोच ४ सेंटीमीटरचा दगड ओलांडायला आता सुमारे १४ किलोंचा रेटा पुरतो. ३७ वरून १४. दादाने कागद हातात घेऊन दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

१५ डिसेंबर २०२४

दादाला घेऊन चढावर जाण्यापूर्वी खुर्ची कोणत्या कोनाला उलटते, हे तपासणे आवश्यक होते. जुन्या दरवाजाची फळी घेतली, एक टोक जमिनीवर, दुसरे चिऱ्यांच्या रचणीवर, आणि चिरे वाढवत कोन वाढवत गेलो. आधी वाळूची पोती बांधून पाहिले. मग दादा बसला, कमरेला पट्टा, मागे दोघेजण हात देऊन उभे आणि पाठीच्या दांड्यांना दोर बांधून तो पुढच्या खांबाला अडकवलेला. पुढच्या चाकाखाली कागदाची पट्टी ठेवायची आणि ती ज्या कोनाला अलगद ओढून निघते तो उलटण्याचा कोन समजायचा. मूळ खुर्चीचा १३ अंश आला, जोडणीसकट १५.

या १५ अंशांवर मी समाधानी नाही. १० अंशांच्या चढावर मागचे चाक खळग्यात उतरले किंवा दादाने जोरात झटका दिला तर उरलेले ५ अंश क्षणात संपतील. म्हणून मागे उलटू न देणारी दोन छोटी चाके जमिनीपासून ६ सेंटीमीटरवर बसवली, आणि त्या चढावर मागे माणूस असल्याशिवाय जायचे नाही, हे दादाने स्वतःहून मान्य केले.

२२ डिसेंबर २०२४

पहिली खरी फेरी. पाखाडीवर चौघांनी खुर्ची धरली, तेवढा भाग आज उचलूनच पार करावा लागला. पुढे मात्र वाट दादाची होती. मुळांवर पुढचे चाक टेकले की तो अंग थोडे मागे घेऊन एकदाच ढकलत होता आणि चाक चढून जात होते. चढावर मी मागून जोर दिला. सड्यावर पोचल्यावर मी हात काढला आणि तो एकटा तीन कलमांपर्यंत गेला. तिसऱ्या कलमाच्या खालच्या फांदीला मोहोर फुटला होता. ती फांदी हाताने वाकवून त्याने तुडतुडा लागला आहे का ते पाहिले, पानांची मागची बाजूही पाहिली, आणि औषध कधी फवारायचे ते तिथेच ठरवून सांगितले. तीन वर्षे हे निर्णय आम्ही मोबाइलवर फोटो काढून, त्याला दाखवून घेत होतो.

आडव्या उतारावर मात्र त्रास झाला. मोकळे फिरणारे पुढचे चाक उताराकडे वळते आणि खुर्ची खाली ओढली जाते, त्यामुळे दादाला खालच्या बाजूच्या एकाच हाताने सतत ढकलावे लागले. परत आल्यावर चिमट्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या, म्हणजे चाक सरळ राहण्याकडे ओढ घेईल आणि जोर लावला तर वळेल. ओढ किती असावी हे पट्टीच्या गाठीने कमी-जास्त करता येते.

५ जानेवारी २०२५

आज जोडणीचा डावा कान तुटला. सुदैवाने सड्यावर सपाट जागी, आणि चुलतभाऊ बाजूनेच चालत होता. खुर्ची पुढे झुकून छोट्या चाकांवर टेकली, कमरपट्ट्यामुळे दादा जागचा हलला नाही. त्याला काही लागले नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

तुटलेला भाग घरी आणून भिंगाखाली पाहिला. वेल्डिंग शाबूत होते. तडा गेला होता तो वेल्डिंगच्या शेजारी, चौकटीच्या पातळ पाइपमध्ये. खुर्चीचा पाइप जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा. वेल्डिंगच्या उष्णतेने कडेचा धातू कमजोर झाला आणि लांब दांड्याचा प्रत्येक धक्का नेमका त्याच रेषेवर येत राहिला. फाटकाच्या जाड पाइपला जे चालते ते इथे चालणार नाही, हे मला आधी कळायला हवे होते. शिवाय क्रोमचा मुलामा घासून न काढता मी एका ठिकाणी वेल्डिंग केले होते. त्याने सांधा कच्चा राहतो आणि तो धूर छातीलाही घातक असतो.

१२ जानेवारी २०२५

नवी जोडणी केली, चौकटीला कुठेही वेल्डिंग न करता. तडा गेलेल्या पाइपच्या आत लेथवर नेमका बसेल असा जाड नळीचा तुकडा घालून तो भाग मजबूत केला. दुसऱ्या बाजूलाही तेच केले. त्यावर बाहेरून प्रत्येक बाजूला दोन-दोन क्लॅम्प घेतले, एकमेकांपासून १२ सेंटीमीटरवर, म्हणजे भार एका रेषेऐवजी एवढ्या लांबीवर वाटला जातो. क्लॅम्पच्या आत रबराची पातळ पट्टी आणि आपोआप सैल न होणारे, आत नायलॉनचे कडे असलेले नट. पूर्ण जोडणी काढायला दोन खिळी ओढायच्या, एवढेच. नंतर वाळूच्या पोत्यांनी ९० किलो भार ठेवून खुर्ची १० सेंटीमीटरच्या फळीवरून दीडशे वेळा उतरवली. पुतण्याने प्रत्येक उतरणीची रेघ भिंतीवर ओढली. कुठेही तडा नाही, नट जागच्या जागी.

२६ जानेवारी २०२५

खुर्चीत अजून किती बदल करायचे, याला मर्यादा आहे. पाच पायऱ्या कोणतीच हाताने चालवायची खुर्ची चढणार नाही, म्हणून आता वाट बदलली. पाखाडीची एकूण उंची ७५ सेंटीमीटर, एकास बारा या प्रमाणाने ९ मीटर लांबीची उतरण लागते. पाखाडीच्या बाजूने कडेला चिरे लावून, आत दगड-माती भरून ती केली. वाडीतल्या सात जणांनी सलग दोन रविवार श्रम दिले. चढाचा भागही वळवून घेतला. सव्वा मीटरची तीच उंची आता साधारण १२ मीटर लांबीत चढायची असल्याने कोन ६ अंशांवर आला, आणि तो दादाला एकट्याला जमतो, मध्ये एकदा विसावा घेऊन.

उतरताना हातांच्या तळव्यांनी कडी धरून वेग आवरावा लागतो, त्याने कातडी भाजते. वेल्डिंगचे चामडी हातमोजे मनगटापाशी कापून दिले. दाबायच्या ब्रेकने वेग कमी करण्याचा प्रयत्न कधीही करायचा नाही, एक चाक आधी धरले की खुर्ची गर्रकन फिरते.

९ फेब्रुवारी २०२५

काम थांबवले आहे. काल संध्याकाळी वहिनींना दादाच्या माकडहाडाजवळ लाल डाग दिसला. आम्ही अर्धा तास थांबून पुन्हा पाहिले, डाग तसाच होता. संवेदना नसलेल्या माणसाला दुखत नाही, त्यामुळे न मावळणारा लाल डाग हीच धोक्याची पहिली सूचना असते, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर त्याच जागी खोल जखम होऊन माणूस महिनोन्‌महिने पालथा पडून राहतो. डाग पूर्ण जाईपर्यंत दादा खुर्चीत बसणार नाही.

कारण शोधले आणि ते माझ्याच आराखड्यात सापडले. छोटी चाके जमिनीवरून उचलण्यासाठी मी खुर्चीचे तोंड ३ सेंटीमीटरने वर घेतले होते. त्यामुळे बैठक ४ अंशांहून थोडी अधिक मागे कलली आणि भार मांड्यांऐवजी माकडहाडावर येत राहिला. भरीला, गादीचा फोम दबून गेला होता. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवल्याप्रमाणे गादीवर बसलेल्या दादाच्या बैठकीच्या हाडाखाली बोटांची टोके सरकवून पाहिली तर ती हलवताही येईनात. माझे सगळे लक्ष चाकावरच्या किलोंवर होते. त्याच्या अंगावर कुठे किती भार येतो, हे मी एकदाही मोजले नाही.

२ मार्च २०२५

डाग आठव्या दिवशी पूर्ण गेला होता. त्यानंतर नवी गादी तयार केली: खाली कडक फोम, त्यात बैठकीच्या हाडांसाठी खोलगट जागा आणि पुढे मांड्यांसाठी उंचवटा, वर मऊ फोमचा थर. आता हाडाखाली बोटे सहज हलतात. पुढचा उचल ३ वरून २ सेंटीमीटर केला. छोटी चाके एखाद्या दगडाला अधूनमधून घासतात, ते चालेल. पोटऱ्यांच्या मागे पट्टा लावला, म्हणजे धक्क्याने पाय पट्टीवरून मागे पडणार नाहीत. दर वीस मिनिटांनी दादा छाती मांड्यांवर टेकवून पुढे वाकतो आणि बैठकीवरचा भार काढतो. फिरण्याच्या नादात विसरू नये म्हणून घड्याळात गजर लावला आहे. आरशाने रोज रात्री तपासणी.

पंधरा मिनिटांपासून सुरू करून बसण्याचा वेळ रोज थोडा वाढवत नेला. आज दीड तास, कुठेही डाग नाही.

२३ मार्च २०२५

काढणीचा पहिला दिवस. दादा सकाळी सात वाजता खळ्यातून निघाला आणि सव्वीस मिनिटांत सड्यावर पोचला. वाटेत कुणी हात लावला नाही. मी वीस पावले मागे होतो.

खालच्या फांद्यांचे आंबे त्याने बसल्या जागेवरून नूतन झेल्याने काढले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा हा झेला देठासकट फळ उतरवतो, त्यामुळे चीक लागून साल डागाळत नाही. काठी वर धरून बाजूला झुकताना खुर्ची कलंडेल का, ही चिंता मला होती. सपाट जागी ती बाजूला उलटायला २५ अंशांहून अधिक कल लागतो, हे आधी तपासून घेतले होते, तरी आडव्या उतारावरच्या दोन कलमांखाली झेला वापरायचा नाही असे ठरवले. पायांजवळ क्रेट ठेवायला जोडणीच्या दांड्यावर जागा आहे, असे दादाने आज सुचवले. पण तिथे १० किलोंचा क्रेट ठेवला तर बराचसा भार पुन्हा पुढच्या चाकावर जाईल. क्रेट मागे, आसाच्या बरोबर वर, पाठीच्या दांड्यांना अडकवायला हवा, आणि तोही ५ किलोंच्या आत. त्याचे कापड वहिनी शिवणार आहेत.

दुपारी उन्हाने चाकांची लोखंडी कडी हात लावता येणार नाही इतकी तापली. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

२५ मे २०२५

यंदा पाऊस फारच लवकर आला, गेले काही दिवस धो धो पडतो आहे. शेवटचे आंबे घाईने उतरवले. लाल मातीच्या वाटेवर कालची फेरी अर्ध्यातच थांबवावी लागली. चिखल टायरच्या खाचांत भरून ब्रेकच्या दांडीशी दाटतो आणि चाक फिरेनासे होते. ओल्या कडीवरून हातही घसरतात. उतरणीच्या खालच्या टोकाशी पाण्याने माती नेली आहे, तिथे दोन चिरे उघडे पडलेत.

आज जोडणी काढून छर्रे रॉकेलने धुतले, ग्रीस भरले, क्लॅम्पखालचे पाइप भिंगाने तपासले. डाव्या बाजूचा एक रबराचा तुकडा बदलायला झाला आहे. मागच्या बेअरिंगमध्ये पाणी गेले होते, तीही बदलली. पावसाळ्यात खुर्ची ओटीवर आणि खळ्यात राहील. दादाने ऑक्टोबरसाठी दोन कामे लिहून दिली आहेत: उतरणीच्या खालच्या टोकाला पाणी बाजूला काढणारा पाट, आणि सड्याच्या पलीकडच्या अकरा कलमांपर्यंत वाटेची मोजणी.